गोदामातलं चित्र

दिल्लीत मुनिरकातल्या एका खोलीत आम्ही दोघी चार वर्षं राहिलो. ती चित्रं काढायची, मी गुडगावला एका कंपनीत नोकरीला जायचे. माझ्या ऑफिसच्या कपड्यांनाही टर्पेंटाइनचा वास यायचा. तिचे वडील फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झाले होते आणि आईला घेऊन साताऱ्याकडे गावी परतले होते.

गुडगावात तेव्हा काचेच्या इमारती भराभर उभ्या राहत होत्या. ज्यांनी आधी प्लॉट घेऊन ठेवले होते, तेच आता चित्रं घेऊन ठेवायला लागले होते. तिच्या पहिल्याच प्रदर्शनातली सगळी चित्रं, चित्रांत पैसे गुंतवणाऱ्या एका फंडाने एकदम मागितली. तिला त्यातलं एक द्यायचं नव्हतं. छावणीतल्या क्वार्टरच्या पायरीवर तांदूळ निवडत बसलेली तिची आई, असं ते चित्र होतं.

"हे आईसाठी ठेवते गं."

"वेडी आहेस का? एक मागे ठेवलंस तर ते सगळीच सोडून देतील. आईचं पुन्हा काढ ना," मी म्हणाले.

तिने माझं ऐकलं. काही महिन्यांनी तिला डेंग्यू झाला आणि आठ दिवसांत ती गेली.

वर्षश्राद्धानंतर तिची आई एकटीच दिल्लीला आली. काकूंनी तिचं एकही मोठं चित्र पाहिलेलं नव्हतं. "माझं एक काढलंय म्हणाली होती. तेवढं बघून जाते."

मी आठवडाभर फंडाच्या ऑफिसात फोन केले. मॅनेजर सभ्य होता. "मॅडम, उनका रेट अब काफ़ी बढ़ गया है," तो म्हणाला. त्याला वाटलं असावं, तेवढंच आम्हाला बरं वाटेल. चित्र सीलबंद होतं आणि विकलं जाईपर्यंत पेटी उघडायची नाही, असा नियम होता. शेवटी त्याने आम्हाला गोदामात तरी येऊ दिलं.

आत एसीचा गारठा होता आणि लाकडी पेट्यांच्या रांगा. एका पेटीवर हात ठेवून तो म्हणाला, "यही है."

काकूंनी चपला काढल्या. जवळ जाऊन विचारलं, "ह्याचं तोंड कुठल्या बाजूला आहे?"

मी हिंदीत विचारलं. त्याला माहीत नव्हतं. मग काकू पेटीच्या दोन्ही बाजूंना थोडा थोडा वेळ उभ्या राहिल्या.

परतताना टॅक्सीत मी सांगून टाकलं, की ते चित्र विकायला मीच लावलं होतं. त्यांनी बाहेरच्या अर्धवट टॉवरांकडे पाहिलं.

"चित्रं विकली गेली त्या दिवशी फोनवर केवढी हसत होती," त्या म्हणाल्या. "म्हणाली, आई, आता खोलीला कूलर घेते."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो तसाच राहू दिला.

काही वर्षांनी चित्रांचा बाजार कोसळला आणि फंड बंद पडला. चित्रं कुणीतरी घेतली. कुणी, ते सांगायला ऑफिसात माणूसच उरलं नव्हतं. मी काकूंना फोनवर कळवलं.

"घरात लावलं असेल ना गं कुणी?" त्यांनी विचारलं.

"हो काकू," मी म्हणाले. "लावलंच असेल."