कोरा कोपरा

बालवाडीच्या नव्या पाटीवर जाड, गुबगुबीत, गोल अक्षरं बसली आहेत. त्यातल्या ‘ळ’चं एक पोट लहान आहे. मी पाट्या रंगवायचो तेव्हा माझं मनगट तिथंच अडायचं. कुणीतरी मला न विचारता माझ्या अक्षरांचा फॉन्ट केलाय.

“अक्षरं माझी आहेत!” मी पाटी ठोकणाऱ्यावर ओरडलो.

“मग कुठं नाव असेल तर दाखवा ना, काका,” तो शिडीवरूनच हसला.

सगळे पेंटर पाटीच्या कोपऱ्यात आपलं नाव बारीक लिहितात. गिऱ्हाइकांना ते खुपायचं. मी ताणून धरायचो आणि दोन पैसे जास्त घेऊन कोपरा कोरा सोडायचो. घरी येताना वाटायचं, आज जिंकलो. गावातल्या जुन्या पाट्यांवर ते कोरे कोपरे अजून आहेत. तेवढे मात्र नक्की माझे.