पायावर वजन द्या

खुर्चीवर ताठ बसा. दोन्ही टाचा फरशीला टेकवा आणि डाव्या पायाचा पंजा वर उचला. उचलला? काही जोर लागला का? नाही लागला. आता असं समजा की तुम्ही डोक्यातून हुकूम सोडलाय आणि पंजा बहिऱ्यासारखा फरशीवर पडून आहे. तुम्ही पुन्हा हुकूम सोडता. दात आवळता. खांदा वर जातो, तोंड वाकडं होतं, मांडी उचलते. नको ते सगळं हलतं, पंजा तेवढा हलत नाही. असं दहा वेळा करायचं, दिवसातून तीनदा. आणि दहाही वेळा काहीच झालं नाही, तरी अकराव्या वेळी मनापासून करायचं.

हौसेराव भिलारे हे करत तेव्हा त्यांची बायको राहीबाई समोर बसून मोजायची. सहापर्यंत मोजायची आणि मग उठून कुकर बघायला जायची. तिला ते बघवत नसे.

हौसेराव मूळचे जावळीकडचे, वय चोपन्न. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात एकतीस वर्षं माथाडी. पन्नास किलोची गोणी पाठीवर घेऊन ट्रकपासून गाळ्यापर्यंत, दिवसातून किती खेपा ते त्यांनी कधी मोजलं नाही. एका सकाळी गोणीत रुतवलेला आकडा त्यांच्या डाव्या हातातून सुटला. टोळीतल्यांना वाटलं, घाम आला असेल. हौसेरावांना सांगायचं होतं की घाम नाही, पण तोंडातून शब्दाऐवजी लाळ आली. लकवा.

तोंड महिन्याभरात सरळ झालं. हात दोन महिन्यांनी कामापुरता आला. पाय मात्र गुडघ्यापर्यंतच परत आला. पंजा लोंबकळायचा, चालताना बोटं फरशीला घासायची, उंबऱ्याला अडायची. पायातली चप्पल गळून पडली तरी कळायचं नाही. एकदा कोपरखैरण्यातल्या वसाहतीपासून नाक्यापर्यंत ते एका चपलेवर चालत गेले. चहावाला म्हणाला, "हौसेराव, दुसरी कुणाला दान केली?" सगळे हसले. हौसेरावही हसले. घरी येऊन दोन दिवस राहीबाईशी बोलले नाहीत.

टोळीतले लोक आजारपणात एकदा आले, सफरचंदं ठेवून गेले. पुन्हा कुणी फिरकलं नाही. हौसेरावांना त्याचा राग नव्हता. तेही असेच वागले असते. मोडलेल्या माणसाच्या घरी जाऊन माथाडी काय बघणार? आपलाच उद्याचा दिवस.

सेक्टरातल्या समाजमंदिरात दर गुरुवारी लकव्यातून उठलेल्यांचा एक गट भरायचा. श्रुती नावाची फिजिओथेरपिस्ट तो चालवायची. वय सव्वीस, आवाज तिप्पट. तिने हौसेरावांना पायाला प्लास्टिकचं स्प्लिंट दिलं. ते चपलेत मावेना, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी बूट घेतले, तेही एक नंबर मोठे. आणि तिने व्यायाम दिले. फरशीवर नॅपकिन पसरून तो बोटांनी गोळा करायचा. पंचा पायाला अडकवून पंजा आपल्याकडे ओढायचा. गोठवलेली पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवायची.

"एकट्याने करणारे तीन आठवड्यांत सोडतात," श्रुती म्हणाली. "मी बघते ना दरवर्षी. ज्याला जोडीदार मिळतो तो टिकतो. म्हणून मी जोड्या लावते."

हौसेरावांची जोडी तिने श्यामसुंदर गुप्ते यांच्याशी लावली. गुप्ते विमा कंपनीतून निवृत्त झालेले, नेरुळला फ्लॅट, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मोजकं. दोघांचाही डावा पाय. गटातल्याच, सारसोळ्याच्या सुमित्राबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "दोन डावं पाय मिलून येक उजवा व्हतो काय गो, श्रुती?" त्यांचा स्वतःचा उजवा हात पोटाशी आखडलेला होता, पण मासळीच्या पाटीमागे बसायचं त्यांनी सोडलं नव्हतं.

रोज संध्याकाळी सहाला व्हिडिओ कॉल. फोन खाली डब्याला टेकवून ठेवायचा, त्यात फक्त पाय दिसायचे. त्यामुळे दोघांना एकमेकांचे चेहरे कमी आणि पाय जास्त ओळखीचे झाले. गुप्त्यांचा पाय गोरा, नखं कापलेली. हौसेरावांची टाच उन्हाळ्यातल्या वावरासारखी फाटलेली.

"हौसेराव! करंगळी हलली तुमची. शप्पथ, हलली!"

"सायेब, फोन हालला."

"साहेब नका हो म्हणू. मी तुमचा कुठला साहेब?"

"मग काय म्हनू?"

गुप्त्यांनी जरा विचार केला. "श्याम म्हणा. ऑफिसात म्हणायचे."

हौसेरावांना ते जमलं नाही. पण त्या दिवसापासून त्यांनी 'सायेब' म्हणणंही सोडलं. नुसतंच 'ओ' म्हणायचे. "ओ, आज दम नाय काय? पाचवरच थांबलाव." गुप्ते हसायचे आणि सहावा करायचे. एखाद्या दिवशी उलटं व्हायचं. हौसेराव पाय झिडकारून म्हणायचे, मरू दे, आता ह्याचं काय होत नाय. मग गुप्ते काही समजावत बसायचे नाहीत. नुसते मोजू लागायचे. "एक." आणि वाट बघायचे. वाट बघणाऱ्या माणसासमोर पाय पसरून बसून राहायची लाज वाटते. हौसेराव टाच टेकवायचे.

तीन आठवडे गेले, तीन महिने गेले, हौसेरावांनी सोडलं नाही. राहीबाई शेजारणीला म्हणाली, "आमच्यांचा पाय त्या नेरुळवाल्याच्या जिवावर उभा हाय." हौसेरावांनी ऐकलं आणि त्यात त्यांना खोटं काही वाटलं नाही.

पुढच्या गुरुवारी श्रुती दोघांना म्हणाली, "छान. आता पायावर वजन द्यायला सुरुवात करा. ओट्याला धरून, हळूहळू. रोज थोडं वाढवा."

हे वाक्य तिने तोवर शेकडो लोकांना सांगितलं असेल. अर्थ साधा होता: दुखऱ्या पायावर आपल्या अंगाचा भार टाकून उभं राहायचं. पण मार्केटात 'वजन दे' याला एकच अर्थ आहे. माथाडी वाकतो, हात गुडघ्यावर ठेवतो आणि ओरडतो, "दे वजन!" मग दोघे जण गोणी उचलून त्याच्या पाठीवर देतात. एकतीस वर्षांत हौसेरावांनी हा शब्द दुसऱ्या कुठल्या अर्थाने ऐकला नव्हता.

घरी येऊन त्यांनी स्प्लिंट सोडलं, एका हाताने ओटा धरला, वाकले आणि म्हणाले, "राही, दे वजन."

"आवं, डोकं ठिकानावर हाय का?"

"बाईनंच सांगितलंय. थोडं थोडं वाढवायचं. दहा किलोचा तांदूळ आन."

तिने कुरकुरत पिशवी पाठीवर दिली. हौसेराव चालले. ओट्यापासून दारापर्यंत सात पावलं. राहीबाई कान देऊन ऐकत होती, कारण त्या घरात सहा महिने बोटं घासल्याचा आवाज घड्याळासारखा चालू होता. तो आला नाही. पाय उचलला गेला, टेकला, पुन्हा उचलला गेला. राहीबाईने तोंडाला पदर लावला.

यात चमत्कार काही नव्हता. ओझं पाठीवर आलं की माथाडीचे गुडघे आपोआप वाकतात, तशी अंगाला सवयच असते. गुडघा जास्त वाकला की लोंबता पंजाही जमिनीपासून सुटतो. काम गुडघ्याने केलं, पंजा होता तिथेच होता. पण हे हौसेरावांना कोण सांगणार? त्यांच्या मार्केटात म्हणत, रिकामा हमाल ठेचकाळतो, भरलेला नाही. ती म्हण त्यांच्या डोळ्यांसमोर खरी झाली होती.

दुसऱ्या दिवशी सहाला त्यांनी फोन लांब ठेवला, म्हणजे पूर्ण चालणं दिसेल. तांदूळ पाठीवर घेऊन चालून दाखवलं.

"अहो, घासला नाही!" गुप्त्यांचा आवाज चढला. "हौसेराव, हे कसं केलंत?"

"वजन द्या म्हनली ना ती. वजनच द्यायचं. रिकामं चालून काय व्हनार?"

"पण मी कधी ओझं उचललेलं नाही हो."

"म्हनून तर पाय आळशी झाला. द्या वजन, बगा."

हौसेराव हे बढाईने बोलले नव्हते. उलट तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांच्याकडे या माणसाला द्यायला काहीतरी होतं. स्वतःच्या धंद्यातलं, हातचं न राखता.

गुप्त्यांनी दोन दिवसांनी, बायको भाजीला गेलेली असताना, पाठीवरच्या बॅगेत दहा किलोचं कणकेचं पोतं घातलं. त्यांच्या गुडघ्यांना वाकायची सवय नव्हती. बॅगेने त्यांना मागे ओढलं. पॅसेजमध्ये पडले, डावा खुबा मोडला.

सहा वाजता हौसेरावांनी फोन लावला तो उचलला गेला नाही. सात वाजता मीनाताईंचा आला. त्या गुप्त्यांच्या पत्नी. तोवर त्यांचा फक्त आवाज पलीकडून ऐकू यायचा, चहा ठेवलाय म्हणून.

"तुम्हीच ना ते हौसेराव? वजन उचलायला तुम्ही सांगितलंत?"

"व्हय. म्हंजे, बाईंनी सांगितलं तसं..."

"बाईंनी पोतं उचलायला सांगितलं? माझा नवरा काय हमाल आहे?" मग थोडं थांबून, जास्त शांतपणे, "पुन्हा फोन करू नका."

हौसेराव कानाला फोन लावून बसून राहिले. 'हमाल' हा शब्द त्यांना लागला नाही, तो त्यांचा धंदाच होता. लागलं ते हे, की तो शब्द बरोबर जागी बसला होता. हमालच होते म्हणून ते चुकीचं समजले होते.

गुरुवारी श्रुतीचा चेहरा उतरलेला होता. "काका, तुम्हाला पोतं घ्या असं मी कधी म्हटलं?"

"वजन द्या म्हनलात."

"अंगाचं हो, काका! अंगाचं वजन!" तिने कपाळ धरलं. "आजवर कुणाचाच असा गैरसमज झाला नाही."

"आजवर माथाडी आला नसंल कुनी," हौसेराव म्हणाले.

सुमित्राबाईंनी डाव्या हाताने हौसेरावांच्या दंडाला फटका मारला. "मेल्या, ती अंगाचा वजन बोलली, गोनीचा नाय! मना इचाराचा व्हता. मी पन पाटी उचलते, पन डोसक्यान हाय ना काय तरी." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पन तू वंगाल मनानं नाय सांगलास. ता मना ठावं हाय."

श्रुतीने नवा जोडीदार देऊ केला. हौसेराव नको म्हणाले. पुन्हा कुणाला आपल्या तोंडून काही सांगायची त्यांना भीती बसली होती. गटात जाणंही हळूहळू सुटलं. ओट्याला धरून, नुसत्या अंगाचा भार टाकून ते काही दिवस उभे राहिले. मग राहीबाईला सांगायला लागले, केलं सकाळी. तिला माहीत होतं, केलेलं नसायचं. श्रुतीने सांगितलेले तीन आठवडे पुरे भरले.

खुब्याचं ऑपरेशन होऊन गुप्ते घरी आल्याचं श्रुतीकडून कळलं तेव्हा हौसेरावांनी बूट चढवले आणि बसने नेरुळला गेले. सोसायटीच्या गेटवर वॉचमनने वहीत नाव, कुठून आले, काम काय, असं लिहून घेतलं. 'काम' या रकान्यापाशी हौसेराव अडले. शेवटी म्हणाले, "जोडीदार लिवा." वॉचमनने वर बघितलं आणि 'भेट' लिहिलं.

त्याने इंटरकॉम लावला. आवाज मोठा होता, दोन हात लांब उभ्या हौसेरावांनाही ऐकू येत होता.

"मॅडम, भिलारे म्हणून आलेत. साहेबांना भेटायचंय."

पलीकडे, आतून, लांबून, पण चुकण्यासारखा नव्हे असा तो आवाज आला, ज्याने तीन महिने रोज संध्याकाळी त्यांच्यासाठी एकापासून दहापर्यंत मोजलं होतं:

"कोण आहे गं?"

रिसीव्हरवर कुणीतरी हात ठेवला. नुसता गुणगुणल्यासारखा आवाज झाला. एक बाई बोलली, एक पुरुष बोलला, शब्द कळले नाहीत. मग मीनाताई स्वच्छ म्हणाल्या, "त्यांना सांगा, साहेब झोपलेत."

वॉचमनने तसं सांगितलं. हौसेराव "बरं" म्हणाले आणि पाय घासत बस स्टॉपकडे निघाले.

याला आता पाच महिने होतील. राहीबाई म्हणते, बाईमाणसानं रागानं परतवलं असंल, त्येन्ला नाव बी कळलं नसंल. हौसेरावांना ते खरं मानायचंय. पण हात ठेवलेल्या रिसीव्हरमागे तो पुरुषी आवाज दुसऱ्यांदा बोलला होता, हे त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. तेव्हा त्यांना एवढंच कुणाला तरी विचारायचंय: मीनाताईंनी नवऱ्याला माझं नाव सांगितलं का, आणि सांगितलं असेल, तर ते ऐकून श्याम काय म्हणाले?