तुळशीचा कोपरा

देवासच्या टेकडीखालच्या गल्लीत हंबीरराव वायरमनला सगळे ‘हंबीर भिया’ म्हणत. कोणाच्या फ्रिजला हात लावला की मुंग्या येऊ देत, कोणाचा नळ झटका देऊ दे, हाक त्यांनाच जायची. मेन बोर्डापाशी उभे राहून ते आधी एकच विचारत, “अर्थिंग कुठाय?” नसलं तर अंगणात खोल खड्डा खणून, तांब्याचा पत्रा पुरून, वर कोळसा नि मीठ भरूनच परतत.

“भटकलेल्या करंटला जमिनीत जायला वाट द्यायची, भिया. नाहीतर तो माणसातून वाट काढतो.”

त्यांच्या स्वतःच्या घरी मात्र असा खड्डा नव्हता. बायकोनं, राजाबाईंनी, करू दिला नव्हता.

घर लहान, सगळीकडे फरशी, खाली खडक. मोकळी माती तेवढी मागच्या कोपऱ्यात, आणि तिथे राजाबाईंची तुळस. लग्नात आईनं धारहून रोप दिलेलं. पुढे आई गेली, भावांनी धारचं घर विकलं. माहेर म्हणून काय उरलं, तर ही तुळस. स्वतःच्याच मंजिऱ्यांतून दर वर्षी पुन्हा उगवणारी.

“मिठानं मुळं जळतील तिची,” त्या म्हणाल्या होत्या. “माझ्या माहेरावर मीठ घालता होय?”

“बरं बाई, नांदू दे तुझं माहेर,” म्हणून हंबीरराव हसले, आणि बोर्डातली अर्थिंगची तार त्यांनी नळाच्या लोखंडी पाइपाला आवळली. पाइप जमिनीतून दूरवर गेलेला. तेव्हा तसं चालून जायचं.

गेल्या पावसाळ्यानंतर गल्लीत पाण्याची नवी लाइन पडली. लोखंडी पाइप निघाला, प्लास्टिकचा आला. तार नळाला होती तशीच, पण आता ती जमिनीपर्यंत पोचत नव्हती.

“अगं, आता तो कोपरा द्यावाच लागेल,” हंबीरराव त्याच संध्याकाळी म्हणाले.

“देते की. तुळशीचं लग्न तर होऊ द्या.”

लग्न झालं. मग संक्रांत झाली. मग चैत्रगौर बसली.

“तुझ्या देवांचं कॅलेंडर संपलं की सांग मला.”

“चेष्टा नको. अक्षय्यतृतीयेला गौर उठली की मीच रोप काढून देईन.”

लोकांच्या घरी भांडून कुदळ मारणारा हा माणूस, बायकोपुढे गप्प बसला.

गौर अजून बसलेलीच होती. भर दुपारी हंबीरराव अनवाणी पायांनी कूलरमध्ये पाणी भरत होते. आतल्या पंपाचा करंट कूलरच्या पत्र्यात उतरला होता. राजाबाई स्वयंपाकघरात पन्ह्यासाठी उकडलेल्या कैऱ्या सोलत होत्या. पाणी सांडल्याचा आवाज थांबेना, तेव्हा त्यांनी बसल्या जागेवरून हाक मारली, “अहो, भरला ना? बंद करा की नळ!”

सुतकात गौर शेजारच्या जमुनाबाईंनी उचलली. “भाभी, माताजी की मर्जी,” त्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. राजाबाईंना मान हलवता आली नाही. ज्यात आपला हट्ट होता, त्यात देवीचं नाव घ्यायला मन धजेना.

मुलगा अजेय पीथमपूरच्या कारखान्यातून रजा काढून आला होता. त्यानं मेन बंद करून टाकला होता. दिवस झाले, पाहुणे गेले, तरी तो कोपऱ्याबद्दल चकार शब्द काढत नव्हता. त्याला ठाऊक आहे की नाही? विचारायची राजाबाईंना भीती वाटे, आणि न विचारता घास उतरत नसे.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खुरपं घेऊन तुळशीपाशी बसल्या.

“आई, ये क्या कर रही हो? राहू दे ना. मी समोर कुठे जागा बघतो.”

“सगळा खडक आहे समोर. कुदळ आण.”

“आई...”

“तुला माहीत होतं? मीच अडवत होते ते?”

अजेय तिच्या शेजारी उकिडवा बसला. “बाबा फोनवर बोलले होते. म्हणाले, तेरी माँ को कुछ मत बोलना. माहेर आहे तिचं ते. गौर उठली की देणार आहे ती.”

राजाबाईंनी मुळांभोवतीची माती सैल केली. रोप डब्यात ठेवलं. वैशाखाच्या उन्हात ते दुपारपर्यंतच मान टाकून बसलं. अजेय खणत राहिला. तांब्याचा पत्रा पुरून वर कोळसा त्यानं घातला, मीठ राजाबाईंनी. दोन्ही मुठींनी घातलं, वर पाणी ओतलं. मग बोर्डापासून नवी तार आली. नळ, फ्रिज सगळे त्याच तारेला जोडले गेले.

अजेयनं बाबांच्या पिशवीतून बल्ब लावलेला जुना होल्डर काढला. त्याची एक वायर फेजला, म्हणजे करंटच्या तारेला धरायची, दुसरी अर्थिंगला. बल्ब पूर्ण पेटला तर काम पक्कं. बाबा असंच तपासत.

मेन चालू केला. बल्ब लख्ख पेटला.

“पूरा जल रहा है, आई.”

दिवा लागला की हात जोडायचे, ही लहानपणापासूनची सवय. राजाबाईंचे हात जोडले गेले. या कोपऱ्यात उभं राहून त्या रोज एकच मागत आल्या होत्या, ह्यांना आयुष्य दे. ओठ हलायला लागले आणि तिथेच थांबले.

“बंद करू?” अजेयनं विचारलं.

“थांब,” त्या म्हणाल्या. “राहू दे जरा.”