बोटांचा रकाना

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत पुठ्ठ्याची खोकी बनवणारा एक कारखाना आहे. माझं सॉफ्टवेअर तिथे सतरा वर्षं चाललं आणि एका शनिवारी सकाळी बंद पडलं. बंद पाडणारा मीच, म्हणून हे सांगताना माझी चिडचिड होते.

माझा धंदा साधा होता. छोट्या कारखान्यांसाठी मालाच्या नोंदीचा प्रोग्रॅम लिहायचा आणि जितकी माणसं तो वापरतील तितक्यांचे दरवर्षी पैसे घ्यायचे. ऑफिस मालाडला, एका खोलीचं. तिथे मी आणि एक ताई. ताई दिंडोशीहून यायच्या आणि दिवसभर फोनवर गिऱ्हाइकांच्या अडचणी सोडवायच्या. घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चालायचं. एआय आलं तसं एकेक गिऱ्हाईक गळत गेलं. शेवटी हा खोक्यांचा कारखाना तेवढा उरला. तो गेला की ताईंची नोकरी गेली, हे दोघांनाही ठाऊक होतं, पण विषय कुणी काढत नव्हतं.

त्या शनिवारी कारखान्याच्या शेठच्या मुलीने मला तिथे बोलावलं. "अंकल, मी एआयला सांगून आपला प्रोग्रॅम बनवलाय. दोन दिवसांत झाला. जरा बघता का?"

बघता का म्हणे! तिथूनच उठून यायला हवं होतं. पण प्रोग्रॅम समोर आला की मी बघतोच, जुनी खोड आहे.

दिसायला तो झकास होता, माझ्या प्रोग्रॅमपेक्षा देखणा. तिने स्टोअरकीपरला समोर बसवलं. ते मालवणकडचे, कारखान्यातले सगळ्यात जुने. अर्धा वापरलेला कागदाचा रोल गोदामात परत आला, त्याची नोंद करा, असं तिने सांगितलं. पडद्याने विचारलं, वजन किती?

स्टोअरकीपरनी माझ्याकडे बघितलं. "वजन खंयसून आणू आता?"

त्या कारखान्यात अर्धा रोल कधी काट्यावर चढलेलाच नाही. मधल्या नळीपासून कडेपर्यंत किती कागद उरलाय ते स्टोअरकीपर बोटांनी मोजतात. चार बोटं, सहा बोटं. हे कळायला मी पहिल्या वर्षी महिनाभर त्यांच्या शेजारी स्टुलावर बसलो होतो. माझ्या प्रोग्रॅममध्ये त्यासाठी बोटांचा वेगळा रकानाच होता.

मला मनातून बरं वाटलं. अडली बया! आता फक्त तोंड बंद ठेवायचं होतं. दोन दिवस गोदामात घोळ झाला असता आणि शेठनी मुकाट मला फोन केला असता. पण समोर प्रोग्रॅम चुकतोय आणि मी गप्प बसलोय, हे मला झेपेना.

"वजन नाही विचारायचं," मी म्हणालो. "बोटं विचारायची. आणि सगळी बोटं सारखी नसतात. रोलच्या बाहेरच्या कडेला घेर मोठा, म्हणून तिथलं बोट जड, नळीजवळचं हलकं."

तिने एआय चालू असलेला फोन माझ्यापुढे धरला. "अंकल, परत बोला ना, सावकाश."

मी बोललो. सावकाश बोललो. कोणत्या कागदाला कोणता हिशोब तेही सांगितलं. पावसाळ्यात कागद ओल धरतो, तेव्हा अर्धं बोट कमी धरायचं, हे तर तिने विचारलंही नव्हतं.

चहा आला तोवर पडद्यावर बोटांचा रकाना तयार होता. स्टोअरकीपरनी चार बोटं भरली, आकडा आला, त्यांनी मान डोलावली. "बरोबर आसा ह्यां." तेवढ्यात शेठ आले, त्यांनी माझा हात हातात घेतला आणि पुढच्या वर्षीचं बिल आता पाठवू नका, म्हणाले. वर माझ्या ज्ञानाची तारीफ केली. मी चहा पिऊन निघालो.

ऑफिसात ताई वाट बघत होत्या. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

"म्हणजे त्यांचा प्रोग्रॅम चालत नव्हता?"

"नव्हता."

"आणि तुम्ही चालू करून दिलात."

"चुकत होतं हो ते, ताई."

त्या चिडल्या असत्या तर मलाही आवाज चढवता आला असता. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि अगदी शांतपणे विचारलं, "सर, तिथे बसला होतात तेव्हा माझं काय होणार, हे एकदाही मनात आलं नाही?"

आलं होतं, असं म्हणता आलं असतं. सोळा वर्षं ज्यांच्यासमोर बसून डबा खाल्ला त्यांच्याशी खोटं बोलायला जीभ वळेना.

"नाही," मी म्हणालो. "खरंच नाही आलं."