जिना दिराच्या अंगणातून

...तर घरावरचे पत्रे उतरलेले आणि दारात ऊसतोडीच्या टोळीचा ट्रक उभा, इथवर काल आलो होतो बघा. बोरीजवळच्या चतुराबाईचं सांगत होतो. भांडीकुंडी, गोधड्या, कोंबड्यांचं खुराडं, सगळं ट्रकात चढलं; पोरगा गोपाळही चढला. बाई मात्र बिनछपराच्या घराकडं तोंड करून उभी. मुकादम वरून ओरडला, "मावशी, गाडी सुटायलीय! घराची दृष्ट परत आल्यावर काढ!"

दृष्ट लागावी असं त्या घरात होतं तरी काय? एक खोली, तीतच चूल, तीतच धान्य, तीतच निजणं. नवरा मेल्यावर गोपाळला तिनं उसाच्या पाचटावर झोपवून वाढवला. आता गडी मिशाळ झाला, पण पोरगी कोण देणार? पाथरीकडचे लिंबाजी तेवढे कबूल झाले, तेही अट घालून. "आमची पंकजा सासूच्या पायथ्याशी निजायची न्हाई. निराळा आडोसा करा. पाडव्याला येऊन बघतो."

बाजूला सरकायला जागा नव्हती, मग वरच सरकायचं. भिंती पुरुषभर चढवायच्या, छप्पर उचलायचं, मधे फळ्यांचा माळा टाकायचा. पण कारखाना कुणाच्या छपरासाठी थांबत असतो होय? शेजारी धाकटा दीर सिताराम राहायचा. त्याच्या भरवशावर घर सोडून बाई ट्रकात चढली.

उसाच्या फडात गेलेला माणूस घर फोनवरच बांधतो. एक दिवस मोळी बांधता बांधता फोन वाजला. बन्सीधर गवंडी विचारत होता, "जिना कुठून घेऊ?" मागून सितारामचा आवाज आला, "वैनी, आत जिना घातला तर चुलीला जागा उरायची न्हाई. माझ्या अंगणातून लोखंडी लावू, माळ्याचं दारबी तिकडूनच ठिवू." हिला वाटलं, दीर किती लांबचा विचार करतो! "तुमचं अंगण काय न माझं काय, लावा," म्हणाली आणि मोळी डोक्यावर घेतली. फडभर सांगत सुटली, "माझं घर आता वेशीतून दिसंल." बायका म्हणाल्या, "दिसू दे बाई, फकस्त वरून आमच्यावर थुकू नको!"

पाडव्याच्या तोंडावर टोळी परतली. घर खरंच वेशीतून दिसलं. बघता बघता बाईचा पदर ढळला, तरी भान नव्हतं. सितारामचं फाटक उघडून ती जिना चढली, तर माळ्याच्या दाराला कुलूप. फटीतून डोकावली. आत छपरापर्यंत सोयाबीनची पोती!

"भाव लय पडलाय वैनी," खालून सिताराम म्हणाला. "माल काय तुमचं छप्पर खायलाय का?"

"भावजी, पाव्हणे यायचेत."

"येऊ द्या की. तवा बघू."

पाहुणे आले. लिंबाजींनी खालूनच माळ्याच्या फळ्या न्याहाळल्या आणि खुशीत चहा संपवला. "चला इहीनबाई, वर चढून बघू." आणि नेमका त्याच दिवशी सिताराम किल्ली कनवटीला लावून गावाला गेलेला! फाटकात त्याची बायको सुलाबाई कमरेवर हात ठेवून उभी. "मालक घरी न्हाईत. आमच्या अंगणातून जायचं तर इचारून जावं, पाव्हणं."

लिंबाजींनी चपला घातल्या. "माळा झ्याक हाय, इहीनबाई. पण माझ्या लेकीनं रोज निजायला जाताना चुलतसासऱ्याची परवानगी काढायची का?"

पाहुण्यांची जीप धूळ उडवत गेली. गोपाळ कोयता घेऊन खालून फळ्या फोडायला उठला. चतुराबाईनं त्याच्या हातातून कोयता काढून घेतला. फळ्या फुटतील, पण गेलेली जीप थोडीच वळणार?

आखाडात सोयाबीनला भाव आला आणि पोती बाजारात गेली. त्याआधीच पंकजाचं लग्न दुसरीकडं लागून गेलं होतं. सिताराम हसत हसत किल्ली घेऊन दारात आला. "घ्या वैनी, माळा मोकळा केला. उगं घरातल्या घरात वाकडेपणा कशाला?"

चतुराबाई भाकरी थापत होती. तिनं हातही थांबवला नाही, मानही वर केली नाही. म्हणाली, "ठिवा तुमच्याकडंच, भावजी. आमी मायलेक दोघंच तर हाव, आमाला खालीच झोप लागती."