काकांची हाक येईना

हँगरमध्ये तिला सगळे चिमणी म्हणत. अंगकाठी लहान, म्हणून तर ही नोकरी मिळालेली: विमानाच्या पंखात शिरायचं आणि तेलाच्या टाकीची गळती बुजवायची.

"विमानाचं एवढं मोठं पोट असताना तेल पंखात कशाला भरतात गं?" सासूबाईंनी एकदा विचारलं होतं.

"पोटात माणसं बसतात ना, आई. पंख आतून पोकळच असतात, ती जागा वाया का घालवायची? शिवाय उडताना हवा पंखांना वर रेटते. आत तेलाचं वजन असलं, की ते फार वाकत नाहीत, मुळाशी ताण कमी येतो."

"आणि त्या पोकळीत तू शिरतेस," म्हणत सासूबाई भांडी आपटायला लागल्या. सून घरी येईपर्यंत त्यांचा जीव टांगणीला लागलेला असे.

त्या दुपारी टाकी उपसून वाळवली होती, आत ताज्या हवेचा पाइप सोडला होता. पंखाच्या खालच्या झरोक्यातून ती आत सरकली. बाहेर काका उभे, निवृत्तीला टेकलेले मेकॅनिक. अधूनमधून हाक मारायची आणि तिची ओ ऐकायची, एवढंच त्यांचं काम.

कुशीवर पडून ती सांध्यावरचं जुनं सीलंट, म्हणजे गळती रोखणारा लेप, खरवडत होती. अचानक लक्षात आलं, बराच वेळ हाक आलेली नाही.

"काका?"

तिने खरवडणं थांबवून कान दिला.

"काका, चेष्टा पुरे हं!"

तिचाच आवाज पत्र्यावर आपटून परतला. वळायला जागा नव्हती, मागे मागेच सरकायचं होतं. बाही एका बोल्टला अडकली. ओढली तर आणखीच रुतली. श्वास तोकडा पडू लागला. तिने डोळे मिटले, हात सैल सोडला, तेव्हा कुठे बाही सुटली. कोपरं सोलवटत, पायांनी चाचपडत ती झरोक्यातून बाहेर आली.

काका शिडीशेजारी कोसळले होते, घामाने डबडबलेले.

"धावा! काकांना उचला!"

काकांना मधुमेह, रक्तातली साखर उतरली होती. घाईत जेवायचं राहिलं होतं. गोड पाणी पोटात गेल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि पहिलंच विचारलं, "आलीस ना बाहेर?"

"जेवायला काय झालं होतं तुम्हाला?" ती ओरडली आणि रडायलाच लागली.

दुसऱ्या दिवशी बाहेर दोन माणसं ठेवली. तरी तिने झरोक्यात डोकं घातलं आणि लगेच काढून घेतलं.

"दुसऱ्याला पाठवू?" फोरमनने विचारलं.

"दुसरं कोण मावणार आहे?" म्हणत ती आत गेली.

सीलंट सुकल्यावर टाकी भरली. पंखाखाली उभं राहून तिने सांध्यावरून बोट फिरवलं. कोरडं निघालं. तरी तिने पुन्हा एकदा फिरवून पाहिलं.