वैमानिकाचं जाकीट

इंटरनॅशनल सिटीत आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे गृहस्थ जुन्या लढाऊ वैमानिकांची जाकिटं जमवतात. बाहेर आखातातलं पंचेचाळीस डिग्री ऊन, आणि यांच्या कपाटात लोकरीच्या कॉलरी! जबल अलीच्या ऑफिसला आम्ही एकाच गाडीतून जातो. मागच्या सीटवर ते फोनमधले फोटो मोठे करून बघत असतात. छातीवर दोऱ्याने भरलेलं नाव कुणीतरी उसवलेलं असतं, तर हे टाक्यांची भोकं जोडून अक्षरं लावतात. नाव लागलं की घरच्यांचा शोध सुरू.

"माझी नाहीत हो ती, मी फक्त सांभाळतो," असं दर दोन दिवसांनी ऐकवतात. घालू कुणालाच देत नाहीत. मी एकदा नुसती बाही धरली, तर म्हणाले, "बस, खलास, ठेवा."

परवा शनिवारी त्यांचाच फोन आला. "जरा वर या. तुमची छाती अडतीस ना?"

गेलो, तर जाकीट पुढे करून म्हणाले, "घाला." खांद्यांत अगदी बरोबर बसलं. मला खिडकीपाशी उभं करून ते फोटो काढू लागले.

"विकताय की काय?"

"छे! याच्या वैमानिकाची मुलगी सापडली. ऐंशीच्या घरात आहे. ती आईच्या पोटात असतानाच ते गेले. जाकीट नको म्हणते. एवढंच विचारलंय, बाबा अंगाने केवढे होते? तुमचा चेहरा नको, पाठ करा माझ्याकडे."

मी नेहमीसारखा पोक काढून उभा होतो. ताठ झालो.